बायकोचं कानातलं

वरच्या दाढेला तीन मुळं असतात आणि खालच्या दाढेला दोन. हे मी कुठे वाचून सांगत नाही. गेली सव्वीस वर्षं मी दात बनवतो. मी डॉक्टर नव्हे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते माप एका डबीतून माझ्याकडे येतं, मी कवळी बनवतो आणि ती डबी परत जाते. पेशंट आरशात बघून म्हणतो, "डॉक्टर, काय सुंदर दात बसवलेत." डॉक्टर म्हणतात, "असेच हसत राहा." या संवादात मी कुठेही नसतो. चांगल्या कवळीचं लक्षणच हे की ती कुणी बनवली आहे असं वाटूच नये. त्यामुळे माझा हात जसजसा सुधारत गेला तसतसा मी दिसेनासा होत गेलो.

आता कळेल की लेकीच्या कलामहाविद्यालयातल्या प्रदर्शनात माझं डोकं का फिरलं. आमची लेक तिथे दागिने घडवायला शिकते. प्रदर्शनाचा विषय होता देह आणि दागिना. मी समजत होतो, देहावर दागिना. निघालं उलटंच. तांब्याच्या तारेत विणलेली दोन फुप्फुसं गळ्यात घालायची होती. काचेच्या मण्यांची एक माळ होती, त्यातला प्रत्येक मणी कुठल्या ना कुठल्या जंतूच्या आकाराचा. एका साडीपिनेवर लहान आतडं होतं, फार सुबक. हे सगळं मी मोठ्या मनाने पाहिलं. पण शेवटच्या टेबलावर चांदीची एक अंगठी होती, तिच्यावर दाढ होती, आणि त्या दाढेला चार मुळं होती.

मी अभिप्रायाची वही मागितली. पाऊण पान लिहिलं, शेजारी आकृती काढली.

"बाबा, ते कलात्मक स्वातंत्र्य आहे," लेक दबक्या आवाजात म्हणाली.

"दाढेला कसलं आलंय स्वातंत्र्य? हाडात रोवलेली असते ती."

मागे तिच्या विभागप्रमुख बाई उभ्या होत्या. त्यांनी माझा अभिप्राय शांतपणे वाचला, आकृतीही पाहिली आणि म्हणाल्या, "तीन महिन्यांनी कलादालनात याच विषयाचं मोठं प्रदर्शन आहे. खुला गटही आहे. तुम्हीच काहीतरी करून आणा ना. मुळं मोजून."

या शेवटच्या दोन शब्दांवर मी दोन रात्री तळमळलो.

तिसऱ्या दिवशी शिवणाच्या डब्यात बटण शोधताना मला बायकोचं कानाचं यंत्र सापडलं. ती शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपासून तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. कानाच्या डॉक्टरांनी कानामागे लावायचं यंत्र दिलं होतं, ते कातडीच्या रंगाचं होतं. म्हणजे असा रंग, की त्या रंगाची कातडी जगाच्या पाठीवर कुणाची नसेल. तिने ते दोन दिवस लावलं. दोन्ही दिवस शिक्षकांच्या खोलीत सगळे तिच्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलले, जणू ती परदेशातून आली होती. तिसऱ्या दिवशी यंत्र बटणांमध्ये गेलं आणि टेबलाच्या खणात मुदतपूर्व निवृत्तीचा अर्ज आला.

"मागच्या बाकावरचं पोरगं सदतीस म्हणतं," ती मला म्हणाली होती, "मला पस्तीस ऐकू येतं. मी त्याला चूक म्हणते. ते बिचारं खाली बसतं आणि वहीत बरोबर उत्तर खोडून टाकतं. हे मी आणखी सहा वर्षं करू?"

याला उत्तर मला सुचलं ते त्या दिवशी, बटण शोधताना. जुन्या शरीरशास्त्राच्या पुस्तकात कानाच्या आतलं चित्र होतं. तिथे शंखासारखी एक गुंडाळलेली नळी असते, वाटाण्याएवढी. तिला अडीच वेढे असतात. आपण जे काही ऐकतो ते या अडीच वेढ्यांमधून जातं. इतकी देखणी वस्तू, आणि निसर्गाने ती कवटीच्या आत अशी दडवून ठेवली आहे की जन्मात कुणाला दिसू नये. मला निसर्गाबद्दल एकदम आपुलकी वाटली. म्हटलं, हा आपल्याच धंद्यातला माणूस.

मी ठरवलं, आतलं बाहेर काढायचं. चांदीत तो शंख घडवायचा. त्याचं शेपूट कानावरून मागे वळवायचं आणि तिथल्या पोकळ कोषात यंत्र बसवायचं. लपवायचं म्हणून नाही, मिरवायचं म्हणून.

सल्ला मी कुणाला विचारला नव्हता. पण आमच्या खालच्या मजल्यावर पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब राहतात. जगातली कुठलीही अडचण शेवटी व्हॉल्व्हची अडचण असते असं त्यांचं मत आहे, म्हणून आम्ही त्यांना व्हॉल्व्हसाहेब म्हणतो. ते माझं रेखाचित्र उलटसुलट करून म्हणाले, "अडीच वेढे? काम अर्धवट सोडल्यासारखं दिसतं. तीन करा."

"कानात अडीचच असतात, साहेब."

"तिथे तपासणीला कोणी गेलं नसेल."

आता कानाचं माप. ते काही अवघड नव्हतं. दातांचं माप घ्यायचा निळा मसाला माझ्याकडे असतोच. कालवायचा, भरायचा, चार मिनिटांत रबरासारखा होतो, ओढून काढायचा. आधी स्वतःच्या कानावर करून पाहायचं ठरवलं. कानाच्या भोकात आधी कापसाचा बोळा घालावा लागतो, ही गोष्ट मला मसाला भरल्यानंतर आठवली. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. व्हॉल्व्हसाहेब तीन वेढ्यांचं स्वतः काढलेलं चित्र घेऊन आले होते. त्यांनी ते समजावून सांगेपर्यंत नऊ मिनिटं गेली. मी कानाला हात लावला, तर मसाला आणि मी एकजीव झालो होतो.

ओढून पाहिलं. साहेबांनीही ओढून पाहिलं. "मागे दाब तयार झालाय," त्यांनी निदान केलं. मग मी कानात निळा दगड घेऊन चालत कानाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. वाटेत भाजीवाली काहीतरी म्हणाली, मी म्हणालो, "मजेत." तिचा चेहरा पडला. नंतर कळलं की तिच्या नवऱ्याचा पाय मोडला होता. दवाखान्यात माझा नंबर तीनदा पुकारला म्हणे. चौथ्या वेळी सगळे माझ्याकडे बघून हसले, म्हणून मीही हसलो. कशावर हसतोय ते मला माहीत नव्हतं. सगळे हसतायत तर आपण वेगळं दिसू नये, एवढंच.

आणि तिथे त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला आठवलं की हे हसू मी ओळखतो. आमच्या घरी पाहुणे आले की बायको असंच हसते, अर्धा क्षण उशिरा.

डॉक्टरांनी चिमट्याने, तेलाने आणि बऱ्याच टीकेने ते माप बाहेर काढलं. "दातवाल्यांनी कानात शिरू नये असा कायदा नाही," ते म्हणाले, "पण असायला हवा." मग त्यांनी ते निळं माप उजेडात धरलं. "माप मात्र अप्रतिम आलंय. एक बुडबुडा नाही." सव्वीस वर्षांत डॉक्टर म्हणवणाऱ्या माणसाने माझ्या कामाला दिलेली ही पहिली दाद होती, आणि ती ऐकायला नुकताच माझा कान मोकळा झाला होता. मी त्यांना सगळा बेत सांगितला. त्यांनी बोळा कसा घालायचा ते दाखवलं आणि बजावलं, "यंत्राची आवाज घेणारी दोन भोकं झाकायची नाहीत. बाकी तुमची कला तुम्ही जाणे."

घरी बायको दारातच उभी होती. व्हॉल्व्हसाहेबांनी बातमी पोहोचवली होती.

"माझ्या कानाची जाहिरात लावणार आहात म्हणे," ती म्हणाली. "मी काय खुंटी आहे, काहीही अडकवायला? एक गोष्ट लपवायला मी जिवाचा आटापिटा करते आहे, आणि तुम्ही तिला चांदी लावताय."

माझ्याकडे तयार युक्तिवाद होते. निसर्ग, कला, अडीच वेढे. पण तोंडातून भलतंच निघालं. "मी आज दोन तास एका कानाने बहिरा होतो," मी म्हणालो. "लोक हसले म्हणून हसलो. भाजीवालीच्या नवऱ्याचा पाय मोडला, मी मजेत म्हणालो. दोनच तास होते ते. तू दोन वर्षं हे करतेस आणि मला कधी कळलं नाही."

ती आत गेली, हातपाय धुतले, येऊन माझ्या कामाच्या खुर्चीत बसली आणि केस मागे घेतले.

"डावा," ती म्हणाली. "आणि कापूस आधी घाला."

मी हजारो जबडे पाहिलेत. बायकोचा कान इतक्या जवळून, दिव्याखाली, लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होतो. चार मिनिटं ती डोळे मिटून बसली होती. दारावरची घंटा दोनदा वाजली. दोघांनीही उघडलं नाही.

त्यानंतर दीड महिना चांदीशी झुंज झाली. आधी मेणात आकार घडवायचा, त्याच्याभोवती साचा ओतायचा, भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत चांदी भरायची. दातांच्या टोप्या मी अशाच ओततो, त्यामुळे यात मला कोणी शिकवायला नको असा माझा समज होता. पहिला शंख दीड वेढ्यापर्यंतच भरला. दुसरा पूर्ण भरला, पण चाळणीसारखा. मी तो खिडकीत ठेवून त्याच्याकडे रागाने बघत असताना व्हॉल्व्हसाहेब आले.

"हवा बाहेर जायला वाट कुठे ठेवलीय?" त्यांनी विचारलं.

टोपीत हवा अडकायला जागाच नसते. अडीच वेढ्यांच्या नळीत ती हमखास अडकते. शेपटाच्या टोकाला मी हवेची वाट म्हणून मेणाची एक बारीक काडी जोडली. तिसरा शंख आरशासारखा निघाला. तेव्हापासून मी साहेबांशी कमी वाद घालतो. तीन वेढ्यांच्या बाबतीत मात्र अजून घालतो.

प्रवेशिका द्यायच्या दिवशी माझ्या टेबलावर दोन निळ्या डब्या होत्या. एकीत कानातलं. दुसरीत एका पेशंटची कवळी, वरची आणि खालची. हे गृहस्थ रेल्वे स्टेशनवरचे निवृत्त उद्घोषक. येत्या शनिवारी त्यांच्या जुन्या स्टेशनाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि त्या दिवसाची पहिली घोषणा करण्याचा मान त्यांना दिला होता. दात नसताना ती घोषणा कशी झाली असती, ते सांगायला नको. एक डबी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवली, दुसरी घेऊन मी कलादालनात गेलो. पुढे काय झालं असेल हे तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही.

दालनातल्या कारकुनाने मला अर्ज दिला. त्यात एक रकाना होता: वस्तूचा प्रकार.

"दागिना आहे," मी म्हणालो, "पण आत कानाचं यंत्र बसतं."

"मग उपकरण. उपकरणाला विद्युत सुरक्षेचा दाखला लागतो."

"यंत्र आत्ता आत नाही."

"मग नुसता दागिना. पण यंत्र बसवलं की अर्ज खोटा ठरेल." त्याने पेन कानामागे खोचलं आणि विचार केला. "असं करा, रकाना रिकामा ठेवा. रिकाम्या रकान्यावर अजून कुणी आक्षेप घेतलेला नाही." मग डबी न उघडता त्यावर शिक्का मारला. प्रवेशिका क्रमांक एक्केचाळीस.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. "तुम्ही हे काय पाठवलंय? पेशंट समोर बसलेत. विचारतायत, हे वरच्या बाजूला बसवायचं की खालच्या?"

मी धावत कलादालन गाठलं. कारकून म्हणाला, "अभिनंदन. निवड समितीने सकाळीच डब्या उघडल्या. तुमची कृती एकमताने निवडली." आणि त्याने मला समितीचा शेरा वाचून दाखवला: ही कृती म्हणजे वाणी आणि मौन यांच्या मधल्या रिकाम्या जागेवरचं निर्भीड भाष्य आहे.

"ती कवळी आहे," मी म्हणालो.

"ते समितीलाही कळलं. त्यातच तर निर्भीडपणा आहे."

"अहो, ती एका गृहस्थांची आहे. त्यांना शनिवारी बोलायचंय."

कारकुनाने नियमावली उघडली. नियम चौदा: निवडलेली कृती प्रदर्शन संपेपर्यंत परत मिळणार नाही. प्रदर्शन पुढच्या महिन्यात होतं. मी विनवण्या केल्या, तर तो म्हणाला, "चुकून दुसऱ्याची वस्तू जमा झाली असेल तर नियम पंधरा आहे. खऱ्या मालकाने समक्ष येऊन मालकीचा पुरावा द्यावा." आता मला सांगा, कवळीच्या मालकीचा पुरावा कोणाकडे असतो? पावतीवर पेशंटचं नाव होतं, पण कारकुनाच्या मते ती पावती कुठल्याही कवळीची असू शकत होती.

सव्वीस वर्षांत मी एकाही पेशंटला भेटलो नव्हतो. त्या दिवशी पहिल्यांदा भेटलो. उद्घोषक उंच होते, शर्टाला इस्त्री होती, आणि गाल आत गेलेले. मी माफी मागितली. ते काहीतरी बोलले, त्यातलं मला फक्त "चला" कळलं. येताना त्यांनी माझं कानातलं रुमालात गुंडाळून, वरच्या खिशात घालून जपून आणलं होतं.

कलादालनात त्यांनी हात पुढे केला. कारकुनाने काचेच्या कपाटातून कवळी काढून ठेवली. उद्घोषकांनी ती कोपऱ्यातल्या नळावर धुतली, पाठ वळवली, आधी खालची बसवली, मग वरची. दोनदा दात वाजवून पाहिले. मग वळले, ताठ झाले आणि बोलू लागले.

"कृपया लक्ष द्या. काल सकाळी अकरा वाजता या कार्यालयात आलेली प्रवेशिका क्रमांक एक्केचाळीस आपल्या मूळ ठिकाणी सुखरूप पोहोचली आहे. तिच्या जागी येणारं कानातलं थोड्याच वेळात टेबल क्रमांक तीनवर येत आहे. प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

काय आवाज तो. जिन्यात माणसं थांबली. वरच्या मजल्यावरची दारं उघडली. कारकून नकळत उभा राहिला होता. त्याने लाल शाईने दुरुस्ती लिहिली आणि शिक्का मारला. उद्घोषकांनी माझा हात हातात घेतला. "छान बसली आहे," ते म्हणाले. "मला वाटायचं, ही डॉक्टर बनवतात."

मी त्यांच्याकडून रुमाल मागून घेतला आणि टेबल क्रमांक तीनवर उलगडला.

गोंधळ ऐकून समितीचे अध्यक्ष खाली आले. कवळी गेल्याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. मग त्यांनी रुमालातलं कानातलं उचललं, खिडकीकडे नेलं आणि बराच वेळ फिरवून फिरवून पाहिलं.

"वेढे अडीच का?"

"कारण तितकेच असतात," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि एक्केचाळीस क्रमांकाची चिठ्ठी स्वतःच्या हाताने त्याला बांधली.

प्रदर्शन तीन दिवसांचं होतं. उद्घाटनाला बायको रजा टाकून आली. यंत्र कोषात नीट बसतं हे कानाच्या डॉक्टरांनी आधीच तपासून दिलं होतं. तिने काचेच्या कपाटातून कानातलं मागून घेतलं, त्यात यंत्र बसवलं, कानावर चढवलं आणि दालनात फिरायला लागली. कारकून मागे धावला.

"बाई, ती प्रदर्शनातली वस्तू आहे. काचेत राहिली पाहिजे."

"नियम वाचा बघू," बायको म्हणाली. ज्या आवाजात ती फळ्यापाशी बोलावते, त्या आवाजात.

त्याने वाचला. "प्रदर्शित वस्तू प्रदर्शनाच्या वेळेत दालनाबाहेर नेऊ नये."

"काच कुठे आहे यात?"

त्याने पुन्हा वाचलं. काच नव्हती.

"मी दालनातच आहे. बसा खाली."

तो बसला. तीन दिवस एक्केचाळीस क्रमांकाची कृती स्वतःच्या पायांनी फिरली, इतर दागिने पाहिले, इथेही आलेल्या आतड्याच्या साडीपिनेचं कौतुक केलं आणि लोकांना अडीच वेढ्यांबद्दल माहिती दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली. गाल लाल झाले होते.

"माझ्या मागे दोघी कुजबुजत होत्या," ती म्हणाली. "डाव्या बाजूला. एक म्हणाली, ते ऐकायचं यंत्र आहे वाटतं. दुसरी म्हणाली, असेल, पण मला तसंच हवंय. शब्द न् शब्द ऐकू आला." आणि ती पुन्हा गर्दीत गेली, बहुधा आणखी काही ऐकायला. त्या संध्याकाळी घरी तिने खणातला अर्ज काढला, चार तुकडे केले आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर सोमवारच्या तासाची गणितं लिहिली.

रविवारी खुल्या गटाचं पहिलं बक्षीस एक्केचाळीस क्रमांकाला मिळालं. दालनातलं सभागृह भरलं होतं. लेक आणि तिच्या विभागप्रमुख बाई पहिल्या रांगेत, व्हॉल्व्हसाहेब त्यांच्यामागे, बायको पाचव्या रांगेत खांबाजवळ. माझं नाव पुकारलं आणि नावाआधी कलावंत हा शब्द लावला. मला दोनदा मागे वळून बघावंसं वाटलं, पण वळलो नाही. सरळ चालत वर गेलो. टाळ्या बराच वेळ चालल्या. त्या थांबल्यावर अध्यक्षांनी माईक बाजूला धरून मला हळूच विचारलं, "बाई तयार कशा झाल्या?"

"सोपं नव्हतं," मी तितक्याच हळू त्यांच्या कानाशी म्हणालो. "आधीचं यंत्र तिने चांगलं वर्षभर डब्यात टाकलं होतं."

"आठ महिने," पाचव्या रांगेतून आवाज आला.

सगळं सभागृह मागे वळलं. ती खांबाजवळ बसली होती, मान किंचित डावीकडे, कानावर चांदी चमकत होती. गणिताच्या बाईंना चुकीची आकडेवारी सहन होत नाही. मी अध्यक्षांच्या हातातला माईक घेतला आणि काय कुजबुजलो होतो ते सांगून सर्वांसमोर दुरुस्ती केली: आठ महिने. मग टाळ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि या वेळी त्या माझ्यासाठी नव्हत्या.